कुंपणालगतचे चार वाफे

दोघा भावांनी कामाची वाटणी कधी समोरासमोर बसून केली नव्हती. ती आपली होत गेली. थोरला बोलायचा आणि धाकटा पिकवायचा. तीन एकरांचं ते भाजीचं शेत बत्तीस वर्षं असंच चाललं.

शनिवारच्या बाजारात लोकांनी दोघांना नावंही तशीच ठेवली होती. थोरला म्हणजे रेडिओ. सकाळी सहाला टेबल मांडलं की जो सुरू व्हायचा तो दुपारी टेबल मिटेपर्यंत. गाजर सालासकट का खावं, पालक कुठल्या पाण्यात धुवावा, कोबीत अळी निघाली तर तिला शिव्या न देता बाहेर कसं ठेवावं, सगळं सांगायचा आणि ऐकणाऱ्याच्या पिशवीत दोन मुळे जास्तीचे टाकायचा. धाकटा मागे उभा राहून क्रेट उचलून द्यायचा. त्याचं नाव मौनीबुवा. कोणी काही विचारलंच तर तो भावाकडे बघायचा आणि भाऊ उत्तर द्यायचा. धाकट्याने लग्न केलं नाही, त्याचंही उत्तर लोकांना थोरलाच द्यायचा. म्हणायचा, "त्याने विचारायला हवं ना कोणाला तरी. तिथेच घोडं अडलं."

शेत सेंद्रिय झालं तेही धाकट्यामुळेच. वडिलांच्या मागे शेत हातात आलं तेव्हा दोघं इतरांसारखीच औषधं मारत. एका उन्हाळ्यात पाठीवर पंप घेऊन फवारता फवारता धाकटा वाफ्यातच कोसळला. आठ दिवस दवाखान्यात होता. नवव्या दिवशी त्याला घरी आणताना थोरला गाडी चालवत होता. त्याने रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं, "आपल्या शेतात यापुढे विषाचा थेंब पडणार नाही." धाकट्याने मान हलवली. त्या विषयावर दोघांत झालेलं बोलणं एवढंच. पुढे प्रमाणपत्र आलं, फाटकावर पाटी लागली आणि हीच गोष्ट थोरल्याने बाजारात हजार वेळा तरी सांगितली असेल. प्रत्येक वेळी दवाखान्यातले दिवस एकाने वाढायचे.

थंडी संपता संपता, एका शनिवारी सकाळी, गाडीत बीटचा क्रेट चढवताना थोरल्याने तो मध्येच खाली ठेवला आणि "जरा बसतो" म्हणाला. बसला तो उठला नाही. त्याला चौसष्टावं चालू होतं. धाकटा एकोणसाठचा.

दोन महिन्यांनी वहिनी मुलीकडे शहरात गेली. जाताना म्हणाली, "दोन महिने राहून येते, भावोजी. इथे माझ्याने बसवत नाही." तिने डब्यांवर कागद चिकटवून ठेवले होते: साखर, मीठ, चहा. बत्तीस वर्षं त्याच घरात राहून धाकट्याला साखर कुठे असते ते ठाऊक नव्हतं.

घर खायला उठतं असं लोक म्हणतात. धाकट्याला वाटायचं, ही बोलायची रीत असेल. आता कळलं. तीन खोल्या, मधली बैठक, मागे धुण्याची मोरी. थोरला असताना घरात सतत काहीतरी चालू असायचं. तो वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा, आंघोळ करताना बेसूर गायचा, झोपेतसुद्धा कोणाला तरी कोबी समजावून सांगायचा. धाकट्याला त्या आवाजाचा कधीकधी वैताग यायचा. आता नळ बंद केला की पाइपमधून पाणी उतरायचं ते ऐकू यायचं. तो ओट्याशी उभा राहूनच जेवायचा. पाव, उकडलेले बटाटे, शेतातलं जे निघेल ते. एका ताटासाठी टेबल पुसायचं त्याच्या जिवावर यायचं.

शेतात मात्र हात चालत होते. रोपवाटिकेत पाणी, कंपोस्टचा ढीग उलथायचा, वाफ्यांवर पालापाचोळा पसरायचा, घेवड्याचे वेल काठ्यांना बांधायचे. अवघड होता तो शनिवार.

थोरला गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी त्याने टेबल मांडलं तेव्हा पालक उन्हात आणि बटाटे सावलीत मांडले गेले. ते त्याच्या लक्षातही आलं नाही, कारण समोर शाळेतल्या बाई येऊन उभ्या होत्या. त्या वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाईक, आता शाळेतून निवृत्त झालेल्या, पण सगळे अजून शाळेतल्या बाईच म्हणायचे.

"आज रेडिओ कुठे?" त्यांनी विचारलं.

"गेले," धाकटा म्हणाला.

"कुठे गेले?"

तो पालकाच्या जुड्या सारख्या करायला लागला.

"पुढच्या शनिवारी येतील ना? मला त्यांना ते भोपळ्याच्या बियांचं विचारायचं होतं."

"नाही," धाकटा म्हणाला. "येणार नाहीत."

मग बाईंना कळलं. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. त्या दिवशी हेच संभाषण त्याला आणखी वीसएक वेळा करावं लागलं. दुपारपर्यंत घशाला कोरड पडली. अर्धा माल परत आला, तो त्याने कंपोस्टवर टाकला.

हळूहळू त्याने बोलण्याला एक पर्याय काढला. खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यावर लिहायचं. "वांगी आज जून आहेत, भाजून खा." "पालक चांगला." "मुळा तिखट आहे, लहान मुलांना नको." लोक वाचून हसायचे, त्याच्याकडे बघायचे. तो क्रेटमध्ये तोंड घालून बसायचा.

उन्हाळा संपत आला. एका मंगळवारी सकाळी तो घेवड्याच्या वाफ्यांत वाकून वेल बांधत होता. हे चार वाफे शेजाऱ्याच्या कुंपणाला लागून होते, मध्ये चार-पाच पावलांची मोकळी पट्टी तेवढी. अचानक त्याच्या नाकाला वास आला. बत्तीस वर्षांत तो वास तो विसरला नव्हता. त्याने मान वर केली. कुंपणापलीकडे शेजाऱ्याचा ट्रॅक्टर चालला होता, मागे फवारणीचं यंत्र, आणि वारा सरळ इकडे येत होता.

धाकटा कुंपणाकडे धावला. दोन्ही हात वर केले. ओरडायला हवं होतं, नुसतं एकदा "थांबा" म्हणायला हवं होतं. पण हाक मारायचं काम आयुष्यभर भावाने केलं होतं आणि याच्या गळ्यातून नुसती हवा निघाली. तोंडाला मास्क बांधलेला शेजारी पुढे बघत ट्रॅक्टर हाकत गेला. दुसऱ्या टोकाला जाऊन वळला तेव्हा कुठे त्याला कुंपणाशी उभा माणूस दिसला आणि त्याने यंत्र बंद केलं. तोवर घेवड्याच्या पानांवर बारीक थेंब चमकत होते.

त्याच दिवशी दिवेलागणीच्या आधी तो शेजाऱ्याकडे गेला. शेजारी ओसरीत बूट काढत बसला होता. पन्नाशीचा, आडदांड, मनाने वाईट नव्हता.

"मी फोन केला होता," शेजारीच आधी बोलला. "दोनदा केला. सकाळी एकदा आणि काल एकदा. बंद लागला."

थोरल्याचा फोन चार महिन्यांपासून बंद होऊन कपाटात पडला होता. धाकट्याने स्वतःचा फोन कधी घेतलाच नव्हता.

"माझ्याकडे त्यांचाच नंबर," शेजारी म्हणाला. "दर वेळी मी फोन करायचो, ते सांगायचे, आज वारा असा आहे, उद्या मार. त्या सवयीने... चूक झाली. मी घरी येऊन सांगायला हवं होतं."

धाकट्याने मान हलवली.

"पण एवढं मनाला लावून घेऊ नका. दोन पाण्यांनी धुऊन काढा. मागच्या वेळेसारखं."

धाकटा निघायच्या बेतात होता, तो थांबला. "मागच्या वेळेसारखं म्हणजे?"

शेजारी एकदम बुटाच्या नाडीशी खेळायला लागला. मग म्हणाला, "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं. आता इतकी वर्षं झाली."

"मला सांगा."

सात वर्षांपूर्वी असंच झालं होतं. याच वाफ्यांत तेव्हा मटार होता. वारा फिरला आणि फवारा मटारावर गेला. थोरला धावत आला, शेजाऱ्याला वाट्टेल ते बोलला, मग शांत झाला. मटार धुतला आणि शनिवारी बाजारात नेला. "मला म्हणाले, धाकट्याच्या कानावर घालू नकोस. मी नाही घातलं. शब्द दिला होता."

धाकट्याला ते वर्ष आठवलं. मटाराच्या तोडणीत थोरल्याने त्याला पाण्याचा पंप दुरुस्त करून आणायला गावाला पाठवलं होतं आणि "गेलाच आहेस तर दोन दिवस राहून काम नीट करून घे" असा निरोप दुकानदाराच्या फोनवर दिला होता. पंपाला तसं काही फारसं झालेलं नव्हतं. आला तेव्हा मटार संपला होता. त्याला तेव्हा बरंच वाटलं होतं, की भावाने एकट्याने केवढं काम उरकलं.

तो घरी आला आणि मधल्या खोलीत थोरल्याच्या खुर्चीसमोर उभा राहिला. त्याला राग आला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या माणसाशी भांडायचं होतं, आणि भांडायला तो माणूसच नव्हता. खुर्चीला काय बोलणार. मोरीत जाऊन त्याने हात धुतले, पुन्हा धुतले, आणि त्या दिवशी न जेवताच आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी त्याने प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयाला पत्र लिहिलं. चार ओळींचं. अमुक दिवशी, अमुक वाफ्यांवर, शेजारच्या शेतातली फवारणी वाऱ्याने आली आहे. येऊन पाहावे.

आठवड्याने तपासनीस बाई आल्या. पायात रबरी बूट, काखेत फाइल. त्यांनी पानं पिशवीत भरली, माती घेतली, पट्टी पावलांनी मोजली. मग मधल्या खोलीत टेबलाशी बसून लिहायला लागल्या. धाकट्याने चहा केला. साखर जास्त पडली होती, पण त्या काही बोलल्या नाहीत.

"तुम्ही कळवलं नसतं तर आम्हाला पत्ता लागला नसता," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "पुढची तपासणी आणखी सात महिन्यांनी होती. तोवर पानांवर काही उरलं नसतं."

"हो."

"असं कोणी कळवत नाही सहसा."

बाईंनी पान उलटलं. "एक विचारायचं राहिलं. यापूर्वी कधी असं झालं होतं का?"

पेन कागदावर टेकलेलं होतं. धाकट्याला खिडकीतून गाडी दिसत होती, तिच्या काचेला थोरल्याने चिकटवलेला बाजाराचा परवाना दिसत होता. नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. शेजारी बोलणार नव्हता. मेलेल्या माणसाचं नाव तसंच स्वच्छ राहिलं असतं, आणि जिवंत माणसाला बाजारात तेच नाव घेऊन उभं राहायचं होतं.

"हो," तो म्हणाला. "सात वर्षांपूर्वी. मटार होता. तेव्हा कळवलं नव्हतं."

"न कळवायचं कोणी ठरवलं?"

"आम्ही," धाकटा म्हणाला. "आम्ही दोघांनी."

बाईंनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं आणि लिहून घेतलं. सगळ्या कागदात तेवढं एकच वाक्य खोटं होतं.

निकाल पंधरा दिवसांनी आला. त्या चार वाफ्यांतला माल तीन वर्षं सेंद्रिय म्हणून विकायचा नाही. बाकी शेतावर वर्षभर जादा देखरेख. प्रमाणपत्रावर तसा शेरा. पुढच्या शनिवारी धाकट्याने मोठा पुठ्ठा कापला आणि त्यावर सगळं लिहिलं: आता काय झालं, सात वर्षांपूर्वी काय झालं, कुठला माल कुठल्या वाफ्यांतला. लिहायला दोन पुठ्ठे लागले.

काही लोक वाचून नेहमीसारखे पिशव्या भरून गेले. काही वाचून दुसऱ्या टेबलाकडे वळले. एका खानावळीचा आचारी दर शनिवारी दोन क्रेट न्यायचा, तो म्हणाला, "मालकांना विचारून सांगतो," आणि पुन्हा आला नाही. शाळेतल्या बाईंनी चष्मा वर करून दोन्ही पुठ्ठे अथपासून इतिपर्यंत वाचले.

"तो मटार मी नेला होता," त्या म्हणाल्या. "नातीला सोलून दिला होता. तुमचे बंधू म्हणाले होते, बाई, कच्चाच खाऊ द्या तिला."

धाकट्याने मान खाली घातली. बाईंनी गाजरं घेतली, पण नेहमीसारख्या रेंगाळल्या नाहीत. पुढचे दोन शनिवार त्या दिसल्या नाहीत. तिसऱ्या शनिवारी आल्या, आणि तेव्हाही फार बोलल्या नाहीत.

त्या आठवड्यात त्याने कपाटातला फोन काढून चार्ज केला आणि वहिनीला लावला. पडद्यावर नवऱ्याचं नाव बघून तिचा आवाज आधी चिरकला, मग सावरला. त्याने सगळं सांगितलं. इतकं सलग तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. ती ऐकत राहिली.

"मला माहीत होतं, भावोजी," शेवटी ती म्हणाली. "मटाराचं. त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं."

"मला का नाही सांगितलं?"

"त्यांना तुमची भीती वाटायची."

त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "माझी?"

"हो, तुमची. बोलणाऱ्या माणसाचा राग कळतो हो, दोन भांडी आपटली की संपतो. तुमचा कधी कळलाच नाही आम्हाला. तुम्ही नुसते उठून शेतात जायचात. मग ते मला विचारत बसायचे, धाकटा रागावलाय का, काय झालं असेल. बत्तीस वर्षं मी तेच ऐकलं. मटाराच्या वेळी म्हणाले, त्याला कळलं तर तो काही बोलणार नाही, आणि ते माझ्याने सहन होणार नाही."

वहिनीने फोन ठेवल्यावरही तो आपला फोन तसाच कानाला लावून उभा होता. आपण गप्प राहतो त्याचा कोणाला त्रास नाही, असं तो जन्मभर समजत आला होता. उलट त्याला वाटायचं, घरात आवाज करणारा एक माणूस पुरे आहे, आपण जागा अडवू नये. आणि पलीकडच्या खोलीत भाऊ आपल्या गप्प बसण्याचा अर्थ लावत जागा असायचा. हे आता त्याने विचारायचं तरी कोणाला, आणि सांगायचं तरी कोणाला.

पाऊस येऊन गेल्यावर वहिनी आली. तीन दिवसांसाठी. थोरल्याचे कपडे आवरायचे होते. दोघांनी मिळून कपाटं रिकामी केली. सदऱ्यांच्या खिशांतून बियांच्या पुड्या निघत होत्या, कुठली कशाची ते एकावरही लिहिलेलं नव्हतं. वहिनी हसली, मग रडली, मग म्हणाली, "पेरून बघा, उगवलं की कळेल." तिने स्वयंपाक केला आणि दोघं टेबलाशी बसून जेवले. ती मुलीच्या घराबद्दल सांगत होती, तो विचारत होता. विचारणं त्याला जड जात होतं, पण तो विचारत होता. जिना किती पायऱ्यांचा आहे. खिडकी कुठल्या बाजूला आहे. गुडघ्यांचं काय म्हणतात डॉक्टर.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो कोबीच्या वाफ्यांत बसून एकच वाक्य घोळवत होता. घरात आला तेव्हा ती पिशवीची चेन लावत होती.

"वहिनी, इथेच राहा," तो म्हणाला.

तिचे हात थांबले. ती खुर्चीवर बसली.

"भावोजी, हे तुम्ही म्हणाल असं मला वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "बरं वाटलं. पण नाही. लग्न झाल्यापासून मी पहाटे चारला उठले. डबे, चहा, गाडी भरायला हात लावायचा. आता सातला उठते. उठून खिडकीत बसते, कोणाचंच काही करायचं नसतं. मला ते आवडतं हो. सांगायला लाज वाटते, पण आवडतं."

"लाज कसली," धाकटा म्हणाला. तो ते मनापासून म्हणाला, आणि ते तिला कळावं म्हणून पुन्हा एकदा म्हणाला.

त्याने तिला बसपर्यंत सोडलं. बस सुटेपर्यंत तिने खिडकीतून फोन कसा चार्ज करायचा, दूध किती दिवस टिकतं, हे सांगितलं. बस गेल्यावर तो गाडीत बसून राहिला. मागे भाजीवाल्यांच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या तेव्हा निघाला.

हिवाळ्याच्या तोंडावर शेजारी एका सकाळी दोन कुदळी घेऊन आला. म्हणाला, कुंपणाला दाट झाडं लावू, म्हणजे वारा अडेल, रोपं मी आणलीत. दोघांनी दिवसभर खड्डे खणले. शेजारी बोलत होता, धाकटा उत्तरं देत होता, कधी एका शब्दात, कधी दोन वाक्यांत. दुपारी शेजारी म्हणाला, "जेवायला चला आमच्याकडे." धाकट्याच्या तोंडून सवयीने "नको" निघून गेलं. शेजाऱ्याने फार आग्रह केला नाही, मौनीबुवांचं "नको" म्हणजे "नको" हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो गेल्यावर धाकटा अर्धवट खड्ड्याच्या काठावर बसला आणि आपण हो का नाही म्हटलं, ते त्याचं त्यालाच कळेना.

या गोष्टीला आता तीन वर्षं होऊन गेली. चार वाफे पुन्हा मोकळे झाले. तपासनीस बाईंनी शेरा काढून टाकला आणि चहा न घेता गेल्या, त्यांना आणखी दोन शेतं गाठायची होती. वहिनीला फोनवर सांगितलं, ती "बरं झालं" म्हणाली आणि गुडघ्यांकडे वळली. शनिवारी शाळेतल्या बाई कधी येतात, कधी नातीला पाठवतात. पुठ्ठे अजून आहेत, पण विचारलं तर धाकटा बोलतोही. पालक कसा धुवायचा ते सांगतो. रेडिओइतकं नाही, पण सांगतो.

बाकीचे सहा दिवस बोलायला कोणी नसतं. पूर्वीही त्याला ते लागत नसे. आता लागतं. रविवारी दुपारी, काही काम नसताना, तो कुंपणाकडच्या झाडांपर्यंत जातो. शेजारी दिसला तर दोघं थोडा वेळ उभे राहतात. नसला दिसत तर धाकटा झाडांची दोन-चार वाळकी पानं काढतो आणि परत फिरतो.